लिहिलेले बोलणे: पडद्यावरची मराठी आणि शुद्धतेचा प्रश्न

मोबाइलच्या पडद्यावर लिहिल्या जाणाऱ्या मराठीविषयी जी तक्रार सर्वत्र ऐकू येते, तीत निरनिराळ्या स्वरूपाच्या गोष्टी एकाच नावाखाली गोळा केलेल्या असतात. शब्दांची लघुरूपे, रोमी लिपीत लिहिलेली मराठी, ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि जोडाक्षरांच्या चुका, बोलीतील रूपे आणि तरुणांचे बोलण्यातले खास शब्द या सर्वांना 'अशुद्ध' हे एकच विशेषण लावले जाते. वास्तविक यांपैकी काही गोष्टी यंत्राच्या मर्यादेतून आल्या आहेत, काही लेखननियम आणि उच्चार यांच्यातील अंतरातून, काही निव्वळ सोयीतून, तर काहींना चूक म्हणणेच चूक आहे. मराठीच्या लेखी रूपाची काळजी ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी हा गुंता सोडवल्याखेरीज कोणता दोष कोणाच्या पदरी घालावा हे ठरवता येत नाही.

पूर्वीच्या काळी लेखन आणि बोलणे यांच्यात काळाचे आणि स्थळाचे अंतर असे. पत्र लिहिणारा एकीकडे, वाचणारा दुसरीकडे आणि मध्ये टपालाचे काही दिवस अशी ती रचना असल्यामुळे लिहिणाऱ्याला विचार करण्यास, खाडाखोड करण्यास आणि पत्र पुन्हा उतरवून काढण्यास अवधी मिळत असे. संदेशसेवांनी हे अंतर पुसून टाकले. दोन माणसे एकाच वेळी आपापल्या पडद्यासमोर हजर असतात, उत्तर काही क्षणांत येणे अपेक्षित असते, पण आवाज, चेहरा आणि हातवारे यांचा आधार मात्र नसतो. माध्यम लेखनाचे आणि वेग, सलगी, अर्धवट वाक्ये ही सर्व लक्षणे बोलण्याची, अशा या प्रकाराला लेखी संभाषण म्हणता येईल. निबंधाचे निकष जसेच्या तसे त्याला लावले, तर तो नापास होणारच. पण त्यामुळे निकषांची निवड चुकली, एवढेच सिद्ध होते.

लघुरूपांचा विचार आधी करावा, कारण त्यांच्यावर राग सर्वाधिक आणि त्यांचा दोष सर्वांत कमी आहे. ज्या पिढीने 'शि. सा. न. वि. वि.' असा मायना लिहिला, पत्त्यात 'मु. पो.' लिहिले, वडिलांना 'ती.' आणि धाकट्याला 'चि.' म्हटले, पत्राच्या शेवटी 'ता. क.' जोडले, त्या पिढीला आद्याक्षरांवर भागवण्याची कला चांगली अवगत होती. 'शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष' हे शब्द प्रत्येक पत्रात पूर्ण लिहिण्याची गरज नव्हती, कारण वाचणाऱ्याला ते आधीच ठाऊक होते. लघुरूपाचा सारा पाया हाच आहे की लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे सामाईक ज्ञान जेथे भरपूर असते, तेथे अक्षरे कमी पुरतात. तारेच्या बाबतीत पैशाचे कारण त्यात मिसळले. शुल्क शब्दांवर असल्यामुळे क्रियापदे आणि विशेषणे गाळलेली एक स्वतंत्र तुटक शैली रूढ झाली आणि जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद होईपर्यंत ती टिकली. इंग्रजीतील 'ओएमजी' हे उद्गारवाचक लघुरूपही संगणकयुगाचे अपत्य नव्हे. ब्रिटिश आरमाराचे निवृत्त ॲडमिरल जॉन फिशर यांनी १९१७ साली विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ते आढळते. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने त्याला आणि 'एलओएल'ला २०११ साली प्रवेश दिला.

लघुसंदेशाच्या बाबतीत मर्यादा पैशाची तर होतीच, पण तांत्रिकही होती, आणि मराठीला तिचा जो फटका बसला तो तपशिलाने समजून घेण्यासारखा आहे. ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ या अभियंत्याने नाताळच्या शुभेच्छांचा पहिला लघुसंदेश पाठवला. या सेवेत एका संदेशाला १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट एवढी जागा ठरवून दिलेली होती. बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एका खुणेची जागा. रोमी लिपीच्या प्रत्येक अक्षराला ७ बिट पुरत असल्यामुळे एका संदेशात १६० अक्षरे मावत. देवनागरीसारख्या लिप्यांसाठी मात्र प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागत, आणि संदेशात एक जरी देवनागरी चिन्ह आले तरी संपूर्ण संदेश त्या पद्धतीने मोजला जाई. परिणामी १६० ची मर्यादा थेट ७० वर येई. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण ही प्रत्येक गोष्ट स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जाते. 'विद्यार्थ्यांना' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण यंत्राच्या हिशेबी तो १५ चिन्हांचा आहे, म्हणजे असे पाच शब्द लिहिण्याआधीच संदेशाची जागा संपते. शिवाय त्या काळच्या अनेक हँडसेटवर देवनागरी उमटतच नसे, तिच्या जागी रिकामे चौकोन दिसत. अशा स्थितीत मराठी माणसाने रोमी लिपीचा आसरा घेतला. मायबोली टाकून देण्याचा हेतू त्यामागे नव्हता, उलट मराठीतच बोलण्याचा आग्रह होता. इंग्रजीत लिहिणे सोपे असतानाही त्याने अडचणीच्या लिपीत मराठीच लिहिली, हे या संदर्भात विसरले जाते.

साधनांच्या अभावी मराठीने रोमी लिपी पांघरण्याची ही पहिली वेळ नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' हे ओवीबद्ध मराठी काव्य १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले, ते रोमी लिपीतच. कारण देवनागरीचे खिळे तेव्हा तेथे उपलब्ध नव्हते. परंतु तेथील रोमी लेखनपरंपरेत आणि आजच्या संदेशांत एक महत्त्वाचा फरक आहे. गोव्यातील रोमी कोकणीने शतकानुशतकांच्या वापरातून ट, ड, ण, ळ यांसारखी मूर्धन्य अक्षरे, म्हणजे जिभेचे टोक मागे वळवून उच्चारली जाणारी व्यंजने, रोमी अक्षर दुहेरी लिहून दाखवण्याची रीत घडवली. १९९० च्या दशकात परदेशस्थ मराठी संगणकतज्ज्ञांमध्ये रूढ असलेल्या आयट्रान्स या लिप्यंतरपद्धतीत हेच काम मोठ्या लिपीतील अक्षरांकडे सोपवलेले होते. संदेशांतील रोमी मराठीला मात्र अशी कोणतीच शिस्त लाभली नाही. तीत त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ एकाच अक्षराने दाखवले जातात, अ आणि आ यांचा भेदही बहुधा गळतो. म्हणून 'एम-ए-एल-ए' या चार रोमी अक्षरांतून मला, मळा, माला, माळा यांपैकी काहीही वाचता येते, आणि 'के-ए-एल' मधून काल, काळ, कळ किंवा कल. ओळखीच्या दोन माणसांच्या गप्पांत संदर्भ ही उणीव भरून काढतो, परंतु संदर्भ बाजूला केला की असे लेखन स्वतःच्या पायावर उभे राहत नाही. रोमी मराठीचा खरा तोटा हा आहे, आणि लघुरूपांच्या तुलनेत तो कितीतरी गंभीर आहे. ज्या मुलाने वर्षानुवर्षे ळ लिहिलाच नाही, त्याच्या बोलण्यातूनही तो सैल होत जाण्याची भीती निराधार म्हणता येत नाही.

देवनागरी पडद्यावर आली ती युनिकोडमुळे. युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांमधील प्रत्येक चिन्हाला एक कायमचा क्रमांक देणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था. १९९१ साली तिची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून देवनागरी तीत आहे, पण घरोघरच्या संगणकांपर्यंत आणि मोबाइलपर्यंत ती पोचण्यास बरीच वर्षे गेली. त्याआधी प्रत्येक टंकाची स्वतःची गुपित मांडणी असे, आणि एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक खुणांची रांग होऊन उमटे. युनिकोडने ती आपत्ती संपवली. तरी मराठीच्या खास गरजा या व्यवस्थेत उशिरा पोचल्या. 'ॲप', 'ॲडमिरल' यांतील ॲ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली. तोवर कोणी अ वर चंद्र ठेवून अॅ लिही, तर कोणी हिंदीच्या सोयीचा ऍ वापरी. ही तिन्ही रूपे आजही एकाच वेळी प्रचारात आहेत, आणि एका रूपाने शोध घेतला तर दुसऱ्या रूपातील मजकूर सापडेलच याची शाश्वती नसते. लिहिणाऱ्याचे अज्ञान यात कोठेच नाही.

तीच कथा अर्ध्या र ची. मराठीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात विद्वान गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दुसऱ्या प्रकारचा र लिहिण्यासाठी कळफलकावर टिंब दिलेला ऱ शोधून त्याचा पाय मोडावा लागतो, आणि ही युक्ती कोणत्याही शाळेत शिकवली जात नसल्यामुळे सहज हाती लागणारा रफार वापरून 'दुसर्या', 'सार्या' अशी रूपे लिहिली जातात. 'श्रद्धांजली'चे 'श्रध्दांजली' होणे हा प्रकार तर पडद्याच्याही आधीचा आहे. ध या अक्षराला उभा दंड असल्यामुळे तो काढून टाकला की त्याचे अर्धे रूप सहज मिळते. द ला असा दंड नाही, त्यामुळे त्याचे अर्धे रूप दाखवायचे तर द्ध हे स्वतंत्र जोडाक्षर तरी हवे किंवा पाय तरी मोडायला हवा. सोपे होते ते रूढ झाले, दुकानांच्या पाट्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर स्थिरावले आणि तेथून शोकसंदेशांत उतरले. उच्चारात द आधी आणि ध नंतर येतो, एवढे एकदा कानांनी तपासले तर ही चूक पुन्हा होत नाही. म्हणूनच ती वारंवार दिसते याचे वाईट वाटते.

ऱ्हस्व-दीर्घाची गोष्ट याहून खोल आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ लेखननियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली, आणि आज शुद्धलेखन म्हणतात ते मुख्यतः या १८ नियमांचे पालन होय. त्यांनुसार शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ लिहायचे, 'आणि' व 'नि' ही अव्यये मात्र ऱ्हस्व. 'कवी' दीर्घ, पण समासात 'कविराज' ऱ्हस्व. 'फूल' दीर्घ, पण प्रत्यय लागताच 'फुलाला' ऱ्हस्व. या नियमांना तर्क आहे, परंतु तो कानांना ऐकू येणारा नाही. मराठीच्या उच्चारात इकार-उकारांची लांबी बहुतांशी शब्दातील स्थानावरून ठरते आणि अर्थभेद करण्याचे काम ती क्वचितच करते. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' अशा जोड्या आहेत, पण थोड्या. जेथे लेखनातला भेद बोलण्यातून शिकता येत नाही, तेथे तो पाठ करावा लागतो, आणि पाठ केलेले घाईत निसटते. शब्दाच्या शेवटी दीर्घ लिहिण्याची सवय लागलेला हात 'आणी' लिहून जातो, तो नियम न पाळल्यामुळे नव्हे, तर मुख्य नियम पाळून अपवाद विसरल्यामुळे. मोडी लिपीत तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नव्हता, तरीही मराठ्यांच्या राज्याचा कारभार, हिशेब आणि राजकारण त्या लिपीत बिनबोभाट चालले. देवनागरी छपाई रूढ झाल्यावरही लेखन कसे असावे याविषयी एकमत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी लोकमान्य टिळकांना 'केसरी'तून लेखनपद्धतीची चर्चा करावी लागली होती.

मग पूर्वी सर्वजण शुद्ध लिहीत असत, हा समज कोठून आला? त्याचे उत्तर मुद्रितशोधक या माणसात आहे. छापलेला प्रत्येक शब्द वाचकाच्या हाती पडण्यापूर्वी संपादकाच्या आणि मुद्रितशोधकाच्या नजरेखालून जात असे, आणि न छापलेले लेखन, म्हणजे खासगी पत्रे, वाणसामानाच्या याद्या, हिशेबाच्या वह्या, ही पाहणारे डोळे दोन-चारच असत. लोक आजच्याइतकेच चुकत होते, पण त्या चुका चार भिंतींच्या आत राहत. आता लाखो माणसांचा पहिला खर्डा थेट सर्वांसमोर येतो. त्यांत अशा असंख्य व्यक्ती आहेत ज्यांना पूर्वी सार्वजनिक लेखनात स्थानच नव्हते: शेतकरी, कामगार, घर सांभाळणाऱ्या स्त्रिया, शाळा अर्ध्यावर सुटलेली मुले. मराठीत लिहिणाऱ्यांची संख्या तिच्या साऱ्या इतिहासात प्रथमच एवढी वाढली आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या काही चुका ही त्यासाठी मोजलेली किंमत फार मोठी नाही.

बोलीच्या रूपांकडे पाहताना ही जाणीव अधिकच आवश्यक ठरते. 'पानी', 'लोनी' असे लिहिणाऱ्याला हसणारा माणूस बहुधा हे विसरतो की वऱ्हाडापासून खानदेशापर्यंतच्या अनेक बोलींत ण चा उच्चार न होतो आणि तेथील माणूस जे बोलतो तेच लिहितो आहे. उच्चाराप्रमाणे लिहिणे हा दोष असेल, तर 'केले' ऐवजी 'केलं' लिहिणारा पुणेकरही त्याच पंक्तीत बसतो. फरक इतकाच की पुण्याच्या उच्चाराला लेखननियमांनी संवादापुरती मोकळीक दिली आणि इतर उच्चारांच्या वाट्याला हसे आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिशिगन विद्यापीठातील ज्युली बोलँड आणि रॉबिन क्वीन यांनी ८३ वाचकांना घरात सोबती हवा असल्याच्या जाहिरातीला आलेली ईमेल पत्रे वाचायला दिली. चुका असलेल्या पत्रांच्या लेखकांना वाचकांनी कमी पसंती दिली, पण ती किती कमी द्यायची हे वाचकांच्या स्वतःच्या स्वभावावर अवलंबून राहिले. अंतर्मुख वाचक बहिर्मुख वाचकांपेक्षा अधिक कठोर निघाले. मराठीत स्वभावाच्या जोडीला जात, प्रदेश आणि शिक्षण यांचे जुने ओझेही असते, आणि एखाद्याच्या मुद्द्याला उत्तर देण्याऐवजी त्याच्या ण वर बोट ठेवणे हे शुद्धलेखनाचे प्रेम नव्हे, ती दडपशाही आहे.

याच लेखी संभाषणाने बोलींना एक अनपेक्षित देणगीही दिली. 'नाद खुळा', 'विषय हार्ड', 'जाळ अन् धूर संगटच' ही कोल्हापूरच्या बाजूची बोलण्यातली रत्ने एके काळी त्या परिसराबाहेर क्वचितच ऐकू येत. आज नागपूरचा आणि नाशिकचा तरुणही ती हौसेने लिहितो आणि त्याच्या मित्रांना ती समजतात. प्रमाणभाषेने ज्या शब्दांना छपाईत जागा दिली नाही, ते शब्द आता लिहिले जात आहेत. भाषेच्या अभ्यासकाने आनंद मानावा अशीच ही घटना आहे. 'मला मदत कर' ऐवजी 'माझी मदत कर', 'तो मला म्हणाला' ऐवजी 'तो मला बोलला', ही हिंदीच्या संपर्काने आलेली वळणे मात्र वेगळी. ती पडद्याने निर्माण केलेली नाहीत, मुंबईच्या रस्त्यांवर आणि दूरचित्रवाणीवर ती आधीच रुळली होती, पण लिहिली गेल्यामुळे ती आता वेगाने पसरतात; आणि मराठीची स्वतःची, अधिक नेमकी रचना हाताशी असताना ती मागे पडावी, हे नुकसान आहे.

विरामचिन्हांच्या बाबतीत नवे लेखन निष्काळजी नसून उलट फार सूक्ष्म झाले आहे. मराठीत पूर्णविराम, स्वल्पविराम ही चिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली आणि ती रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. या चिन्हांचे काम वाक्याची रचना दाखवणे हे होते. संदेशात वाक्य संपल्याचे संदेश पाठवण्यानेच कळत असल्यामुळे पूर्णविरामाला ते काम उरले नाही आणि त्याच्याकडे भावनेचे काम आले. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवून दिले की एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असेल, तर वाचकाला ते उत्तर कमी मनापासूनचे वाटते. 'हो' आणि 'हो.' यांतील अंतर मराठी तरुणही अचूक ओळखतो. अक्षरे लांबवणे, 'खूऽऽप' किंवा 'नाहीईई' लिहिणे, हसण्यासाठी 'हाहाहा' लिहिणे, यांतून गमावलेला आवाज परत मिळवण्याचा प्रयत्न होतो. थायलंडमधील लोक हसण्यासाठी ५५५ लिहितात, कारण त्यांच्या भाषेत पाच या अंकाचा उच्चार 'हा' असा होतो.

लघुरूपांमुळे मुलांची भाषा बिघडते का, या प्रश्नावर इंग्रजीत बराच विचार झाला आहे. भाषावैज्ञानिक डेव्हिड क्रिस्टल यांनी २००८ साली या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहून भीती अवाजवी असल्याचे मत मांडले. त्याच सुमारास कॉव्हेंट्री विद्यापीठात बेव्हर्ली प्लेस्टर, क्लेअर वुड आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासांत लघुरूपे अधिक वापरणारी मुले भाषिक कसोट्यांत मागे असल्याचे आढळले नाही, उलट काही कसोट्यांत ती पुढेच होती. अक्षरे कोठे गाळता येतात हे कळण्यासाठी ती कोठे असतात हे आधी ठाऊक असावे लागते, हे त्याचे सरळ स्पष्टीकरण आहे. परंतु हे निष्कर्ष मराठीला सरसकट लागू करता येत नाहीत. तेथील मूल शाळेत ज्या लिपीत लिहिते त्याच लिपीतील शब्दांशी खेळत होते. रोमी लिपीत मराठी लिहिणारे मूल देवनागरीच्या बाहेरच राहते, त्यामुळे त्याच्या खेळातून देवनागरीचा सराव होत नाही.

मराठीत चूक दाखवणारे साधनही दुबळे आहे. इंग्रजी शब्द चुकला की त्याखाली तांबडी रेघ उमटते, कारण शब्दांची यादी करून ती ताडून पाहणे त्या भाषेत तुलनेने सोपे आहे. मराठीत नामाचे सामान्यरूप होते, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचा शेवट बदलतो, आणि मग त्याला विभक्तीचे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये एकापुढे एक चिकटतात. 'घरासमोरच्यांनाही' हा शब्द कोणत्याही कोशात सापडणार नाही, तरी तो निर्दोष आहे. अशी रूपे यादीत मावत नाहीत, ती नियमांनी घडवून तपासावी लागतात, आणि त्या कामात मराठीसाठी झालेली गुंतवणूक फारच अपुरी आहे. अरुण फडके यांच्या 'मराठी लेखन-कोशा'सारखे परिश्रमपूर्वक केलेले ग्रंथ आहेत, पण घाईत लिहिणारा माणूस कोश उघडत नाही. कोशातले ज्ञान त्याच्या अंगठ्याखाली आणून देणे हे खरे काम आहे आणि ते सरकार, विद्यापीठे व संगणक कंपन्या यांनी करण्याजोगे आहे.

दरम्यान आवाजावरून मजकूर उमटवण्याची सोय मराठीत आली. गूगलने ती २०१७ साली अन्य भारतीय भाषांबरोबर उपलब्ध केली. यामुळे चुकांचे स्वरूपच पालटत आहे. बोललेल्या शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ यंत्र आपल्या साठ्यातून उचलते आणि पुष्कळदा बरोबर लिहिते, त्यामुळे 'आणी' कमी होतो. पण विरामचिन्हे नाहीशी होतात, वाक्ये एकमेकांत मिसळतात, आणि वऱ्हाडी किंवा मालवणी उच्चार यंत्राला ओळखता न आल्यामुळे वक्त्याने न उच्चारलेला एखादा प्रमाण शब्द त्याच्या नावावर जमा होतो. यंत्राचा तो साठा लोकांनी लिहिलेल्या मराठीतूनच तयार झालेला असतो. ज्या बोलीत पुरेसे लिहिले गेलेले नाही ती त्यात नसते, आणि जी मराठी रोमी लिपीत लिहिली गेली तिच्यातील मळा होता की माळा, हे यंत्राला अंदाजानेच ठरवावे लागते.